आबांना न पिता चढली

पार्कात बिअर मिळावी का, यावर तुम्ही कशाला भांडताय? आमच्या गावानं तो प्रश्न कधीच मिटवलाय.

लोणावळ्याच्या अलीकडं, आमच्या हद्दीत पाळण्यांचं फॅमिली पार्क झालं. त्यांना आत बिअर विकायची होती आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव पाहिजे होता. सगळ्यात मोठा विरोध माझ्या चुलत्यांचा, म्हणजे आबांचा. गळ्यात माळ, आयुष्यात एक थेंब नाही. पार्कचा मॅनेजर म्हणाला, "आबा, सभेआधी एकदा पार्क तर बघा. फुकट!"

आबा काकूंना घेऊन गेले आणि एकटेच तिथल्या गरगर फिरणाऱ्या, चहाच्या कपासारख्या मोठ्या पाळण्यात बसले. उतरले ते थेट प्लॅस्टिकच्या हत्तीला जाऊन धडकले. त्यालाच मिठी मारून म्हणाले, "पाव्हणं, जरा वाट द्या."

सिक्युरिटीवाल्यानं त्यांचा दंडच धरला. "पिऊन आत यायला बंदी आहे, आजोबा. चला बाहेर."

काकूंनी भर गर्दीत आबांच्या तोंडाचा वास घेतला. "वास तर न्हाई," त्या म्हणाल्या, "पण चाल पक्की पिलेल्याची हाय."

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत आबा लाजेनं गप्पच. आम्हाला वाटलं, झाला ठराव पास. तेवढ्यात गावातला एक नंबरचा पिणारा, बाळूभाऊ, उठला.

"माझाबी बिअरला विरोध हाय," तो म्हणाला. "तितं न पिताच लय चढती, अन् बायकोला वासबी लागत न्हाई. मग बाटली कशाला? मला त्या कपाचा वर्षाचा पास तेवढा द्या!"