बसली

(घाटनांदूर. मंगळवार, दुपारचे सव्वाचार. पुण्याच्या कंपनीचं काम वर्षभर घरून करणाऱ्या जीवनला पाच वाजेपर्यंत वर्षाचा आढावा पाठवायचा आहे. समोर लॅपटॉप, शेजारी बीडहून आलेली धाकटी बहीण स्वप्ना.)

स्वप्ना : तासभर झाला दादा, आणि तेवढी एकच ओळ?

जीवन : ती पण माझी नाही. नाव आणि हुद्दा आधीच भरून आलेला.

स्वप्ना : म्हणजे काहीच नाही.

जीवन : प्रश्न तर बघ. 'गेल्या वर्षात तुम्ही असं काय केलंत, जे दुसऱ्या कुणाला जमलं नसतं?'

स्वप्ना : सोपंय की. लिही, पुण्याची खोली सोडून आलो आणि आईच्या हातचं खाऊन दोन माणसांएवढा झालो.

जीवन : स्वप्ना, पाचला बंद होतं ते.

स्वप्ना : बरं, खरं खरं लिही मग. तुलाच घरून काम का दिलं?

जीवन : बोलीमुळं. दूध संकलन केंद्रांसाठी फोनची हेल्पलाइन करायची होती. जनावर आजारी पडलं की माणूस फोन करणार, आपल्या भाषेत सांगणार. मशीन ऐकून लिहून घेणार आणि ठरवणार, डॉक्टर लगेच पाठवायचा का उद्या. पुण्याच्या पोरांना आपलं बोलणं समजत नव्हतं. आपण 'का' ला 'कावून' म्हणतो ना, एकानं त्याचा अर्थ कावळा लिहिला होता.

स्वप्ना : कावळा! आणि तो पगार घेतो?

जीवन : माझ्यापेक्षा जास्त. मग सहा हजार शब्दांची यादी माझ्याकडं आली. प्रत्येकापुढं अर्थ लिहायचा, आणि तातडी आहे का नाही ते.

स्वप्ना : मग झालं की! सहा हजार शब्द. दुसऱ्या कुणाला जमलं असतं?

जीवन : मी केलेत का, तेच समजत नाहीये.

स्वप्ना : म्हणजे?

जीवन : अर्थ आधी मशीनच सुचवायचं. मी वाचायचो आणि 'मान्य' दाबायचो. चूक असली तर बदलायचो. सुरुवातीला दिवसाला पन्नास व्हायचे. मग चारशे मागायला लागले.

स्वप्ना : चारशे वाचायचास?

जीवन : वाचायचो. वाचत असणार.

स्वप्ना : असणार?

जीवन : आढाव्यासाठी परवा जुन्या नोंदी काढल्या, त्यात ही ओळ सापडली. वाच.

स्वप्ना : 'बसली. अर्थ, विश्रांती घेत आहे. तातडी नाही. मान्य करणारा, जीवन.' मग? बसली म्हणजे बसलीच की.

जीवन : बीडला राहून तू पण पुस्तकी झालीस. गाय बसली म्हटल्यावर आपल्याकडं काय समजतात?

स्वप्ना : गाय बसली... उठता येत नाही तिला. अगं बाई.

जीवन : हळू बोल.

स्वप्ना : कुणाची?

जीवन : मुंजाजी काकांची.

स्वप्ना : चंद्री? दादा, चंद्री तर दीड महिन्यापूर्वी...

जीवन : त्यांच्या फोनची नोंद बघितली मी. 'गाय व्याली, विश्रांती घेत आहे.' डॉक्टरांच्या उद्याच्या यादीत टाकलं होतं.

स्वप्ना : कधी दाबलंस तू हे मान्य?

जीवन : गेल्या वर्षी चौदा मे. दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

स्वप्ना : चौदा मेला तर आपण उमापूरला होतो. आत्याच्या धनश्रीची हळद.

जीवन : म्हणून तर म्हणतो, मी दाबलं कसं?

स्वप्ना : मोबाइलवर. हळदीच्या एका फोटोत तू वर बघत नाहीस. आत्यानं बोलूनसुद्धा दाखवलं होतं, हा हळदीला आलाय का ड्युटीला.

जीवन : मला काही आठवत नाही. खरंच.

मुंजाजी : जीवन हाय का घरात? चप्पल दिसली म्हनून आलो.

स्वप्ना : या काका. या ना, ब... इकडं खुर्चीवर या. पाणी आणते.

मुंजाजी : पानी नगं. जीवन, एक अर्ज टाइप करून दे बरं. उद्या संकलन केंद्राची मीटिंग हाय. चेअरमनच्या हातात द्यायचाय.

जीवन : कसला अर्ज, काका?

मुंजाजी : त्या करिष्मा डॉक्टरनीच्या नावानं. तिला काढा म्हनून. ह्यो कागद घे. खाली सोळा जनांच्या सह्या हायत. शहादेवनं केली, अंगदनं केली. तुळजाबाईनं अंगठा दिला.

स्वप्ना : काका, कागद तर कोरा आहे.

मुंजाजी : वर छापायची जागा सोडली की.

स्वप्ना : वाचल्याशिवाय सह्या केल्या सगळ्यांनी?

मुंजाजी : जीवन लिहिनार म्हनल्यावर वाचायचं काय त्यात?

जीवन : काय लिहायचं?

मुंजाजी : जे झालं ते. सकाळी सहाला फोन केलता. गाय व्याली आन् बसली, लवकर या, असं सपष्ट सांगितलं. डॉक्टरीन आली दुसऱ्या दिवशी अकराला. गाय तर पहाटंच गेलती.

जीवन : परत फोन नाही केला?

मुंजाजी : तीनदा केला. दर वक्ताला म्हनं, नोंद झाली हाय, काळजी करू नका. शिरंतून एक बाटली चढवली असती तर उठली असती, जीवन. हे फोनचं यायच्या आदी हनुमानची म्हैस अशीच बसलती, तर ह्याच बाईनं दोन घंट्यात उभी केली. येतं तिला समदं. मह्याच वक्ताला कावून आली न्हाई?

स्वप्ना : त्या काय म्हणाल्या?

मुंजाजी : म्हनं, काका, माझ्याकडं विश्रांती असं लिहून आलतं. इश्रांती! कोन म्हनतं बे गाईला इश्रांती? मह्या बापानं जलमात कधी इश्रांती घेतली न्हाई, गाय कुठून घेती?

स्वप्ना : दादा.

जीवन : थांब.

स्वप्ना : तू सांगतोस का मी सांगू?

मुंजाजी : काय सांगायचंय?

जीवन : काका, डॉक्टर खोटं बोलत नाहीत. त्यांच्याकडं तसंच लिहून आलं होतं. फोनवर जी बाई बोलली ना, ती बाई नव्हती. मशीन होतं.

मुंजाजी : मशीन? मी तर तिला ताई म्हनलो. हात जोडले, जीवन. फोनवर दिसत न्हाई, तरी जोडले.

जीवन : तिनं 'बसली'चा अर्थ विश्रांती असा घेतला.

मुंजाजी : बरं, ते न्हाई कळलं. पर लवकर या म्हनलो की मी. ते बी कळंना?

जीवन : ते गाळतात.

मुंजाजी : गाळतात?

जीवन : फोन करणारा प्रत्येक जण लवकर या म्हणतो. मग सगळंच तातडीचं दिसायला लागतं. म्हणून ते शब्द मोजायचे नाहीत असं ठरलं होतं.

मुंजाजी : कोनी ठरवलं?

जीवन : मीटिंगमध्ये. मी पण होतो. मी हो म्हणलो का गप्प बसलो, आठवत नाही.

मुंजाजी : आन् बसलीचा अर्थ कोनी लिहिला?

जीवन : आमच्या...

स्वप्ना : दादा, 'आमच्या' काय?

जीवन : माझं नाव आहे काका तिथं. लिहिला मशीननं. मान्य माझ्या नावावर आहे.

मुंजाजी : तुला म्हाईत न्हवतं? सुट्टीत मह्यासंगं माळावर यायचास. खंडूची गाय बसली तवा तिला उठवायला शेपटीकडून तूच लागलतास. सात वर्षांचा असशील.

जीवन : माहीत आहे मला.

मुंजाजी : मग?

जीवन : तेच कळेना झालंय. मी ते वाचलं आणि कळलं नाही? का वाचलंच नाही? का वाचून, कळून, हात तसाच पुढं गेला? दोन दिवस हेच चाललंय डोक्यात. कुठंच पोचत नाही.

मुंजाजी : आता मला बी कळंना. तुला शिव्या घालाव्या का काय करावं? त्या डॉक्टरनीला तर मी चावडीवर घातल्यात. चार मान्सांत.

स्वप्ना : दोन दिवस म्हणालास. परवा सापडलं ना हे? मग तो शब्द बदललास का?

जीवन : बदलायचं म्हणजे कारण लिहावं लागतं. कारण लिहिलं की त्या शब्दावर आलेले मागचे सगळे फोन उघडतात, आणि वरच्या साहेबाला कळवलं जातं. पुढच्या महिन्यात आमच्या चौघांतले दोघंच ठेवणार आहेत, स्वप्ना. त्यासाठी तर हा आढावा.

स्वप्ना : म्हणजे नाही बदललास.

जीवन : आढावा गेल्यावर बदलणार होतो.

मुंजाजी : थांब, मला नीट समजू दे. आज सकाळी कोनाची गाय बसली, त्यानं फोन केला, तर काय लिहून गेलं?

जीवन : विश्रांती.

मुंजाजी : काल?

जीवन : तेच.

मुंजाजी : परवा तुला कळल्यावर बी?

जीवन : हो काका.

मुंजाजी : मही गाय गेली तवा तुला म्हाईत न्हवतं, ते मी एक वक्त सोडून देईन. सोडीन का न्हाई, ते बी आज सांगत न्हाई. पर हे परवाचं काय?

स्वप्ना : काका, थोडं...

मुंजाजी : तू गप. त्याला बोलू दे.

जीवन : नोकरीचा विचार केला, काका. शब्द अजून तसाच आहे.

मुंजाजी : मग बदल. मह्यासमोर बदल.

जीवन : बदलतो. 'बसली. जनावराला उठता येत नाही. तातडी.' आता कारण विचारतंय.

स्वप्ना : काय लिहितोयस?

जीवन : 'आधीचा अर्थ चुकीचा होता.'

स्वप्ना : कुणी केला होता चुकीचा?

जीवन : ते लिहायलाच पाहिजे का?

स्वप्ना : मला काय विचारतोस? अर्जात डॉक्टरांचं नाव घालायला काकांनी सांगितलं, तेव्हा तुझे हात कीबोर्डकडं गेले होते. मी बघितलं.

जीवन : बरं. 'आधीचा अर्थ मी मान्य केला होता. तो चुकीचा होता. मला तो शब्द लहानपणापासून माहीत आहे.' एवढं पुरे?

मुंजाजी : पाठीव.

जीवन : पाठवलं.

स्वप्ना : पावणेपाच झाले. आढाव्यात काय लिहितोस?

जीवन : हेच तिथं लिहावं का? जे दुसऱ्या कुणाला जमलं नसतं... नको. समजत नाही मला. रिकामाच जाऊ दे का?

मुंजाजी : आन् मह्या ह्या कागदाचं काय करू? सोळा जनांना काय सांगू? डॉक्टरनीचं नाव काढून तुझं घालू, का कागदच फाडू?

जीवन : तुम्हीच सांगा, काका.

मुंजाजी : मला कळलं असतं तर तुला कशाला इचारलं असतं? ते बघ, काय आलं तिथं?

जीवन : मागचे फोन उघडले. चौदा मेपासून 'बसली' म्हणून विश्रांतीत गेलेले.

मुंजाजी : किती?

जीवन : दोनशे सतरा.

मुंजाजी : त्यातल्या उठल्या किती?

जीवन : ते लिहायला रकाना न्हाई, काका.