दोन टोकांवरचे हार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय मोतीलालजी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले सचिव प्रभाकर महाजन सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या कमलकाकू, व्यासपीठावरील मान्यवर, आणि नदीकाठच्या व बर्डीवरच्या सर्व सभासद बंधू-भगिनींनो,

मला भाषणाची सवय नाही. इथून जवळच्या लालबागहून मी येते, यंत्रं तपासते आणि परत जाते. पण सरांबद्दल एक गोष्ट सांगायची तर ती मलाच सांगावी लागेल, कारण तिच्यात माझं यंत्र आहे.

तापीकाठी पंप एका पाणीवाटप संस्थेचा, वर बर्डीच्या टेकाडावर टाकी दुसऱ्या संस्थेची. या दोन संस्था सरांनी एक केल्या. कागदावर. प्रत्यक्षात काठचे म्हणायचे, आम्ही पाणी सोडलं. वरचे म्हणायचे, आलंच नाही. सरांनी मला विचारलं, टाकीतलं पाणी पंपघरात दिसेल असं काही स्वस्तात होईल का? झालं. टाकीत एक फ्लोट, तिच्या खांबावर छोटा रेडिओ आणि सोलरची पाटी. पंपघरावर दुसरा रेडिओ, आत टाकी किती टक्के भरली तो आकडा दाखवणारा डबा. मध्ये दीड किलोमीटर केळी. तार नाही, सिम नाही, महिन्याचं बिल नाही.

उन्हाळाभर आणि पावसाळाभर ते चाललं. दसऱ्यानंतर आकडा येईना. केळी निसवलेली, घड भरायचे दिवस, आणि टाकी कधी कोरडी, कधी सांडते. वरच्यांचं म्हणणं, काठच्यांनी डबा मुद्दाम बंद केला. काठचे म्हणाले, वरच्यांनी रेडिओच मोडला. संस्था पुन्हा वेगळ्या कराव्यात हा विषय रविवारच्या सभेपुढे आला. सरांची तीन वर्षांची मेहनत त्या एका विषयावर येऊन थांबली होती.

दोष मला पाहताक्षणी दिसला. दसऱ्याला आपण यंत्रांची पूजा करतो. दोन्हीकडे झेंडूचा हार अँटेनाला गुंडाळला होता, आणि वाऱ्यात टिकावा म्हणून तो लोखंडी तारेत ओवलेला होता. अँटेनाभोवती तार असली की रेडिओचा संदेश तिथल्या तिथे अडकतो. एकाच टोकाचा हार काढून भागणार नव्हतं. मी पंपघराला शिडी लावली.

पंपघराचे निंबाभाऊ धावत आले. "मॅडम, यंत्र तुमचं बंद, अन् हार आमचा काढायचा? हे कोनचं गणित? पहिले वरच्याइले सांगा."

मग मी बर्डीवर गेले. टाकी सांभाळणाऱ्या भागाबाई तिथे उभ्याच होत्या. "दसऱ्याचा हार आपल्या हातानं काढत नाहीत, माय. वाळून पडतो तवा पडतो. काठचे काढतील, मंग पाहू."

तारेतला हार वाळून पडत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एवढंच.

मी सरांना दोन वाक्यांत अहवाल दिला. त्यांनी दोघांना इथेच, या सभागृहाच्या पायरीवर बोलावलं. कोणाची चूक, हे विचारलंच नाही. म्हणाले, "आपला हार आपल्या हाताने काढायचा नाही, कबूल. पण दुसऱ्याचा काढायला काय हरकत आहे?"

एवढी तत्परता मी या संस्थेत दुसऱ्यांदा पाहिलेली नाही. निंबाभाऊ मोटरसायकल घेऊन टाकीकडे सुटले, भागाबाई पंपघराच्या शिडीवर.

भागाबाईंनी हार सोडवला, खाली उतरल्या आणि निंबाभाऊंच्या खुर्चीत डब्यासमोर बसल्या. काही वेळ काहीच नाही. मग वरचाही हार निघाला, तसा आकडा आला आणि हळूहळू वाढू लागला. निंबाभाऊ परत आले तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, नव्वद झाले. मोटर बंद करा, वर सांडंन."

"करतो ना, बाई. पहिले माझी खुर्ची सोडा."

"बसू द्या. आज मले दिसून राह्यलं, तुम्ही पानी सोडता ते."

रविवारी सभेत संस्था वेगळ्या करण्याचा विषय पुकारला गेला. बोलायला कोणी उभं राहिलं नाही. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "पुढचा विषय."

सर, उद्यापासून तुम्ही या पदावर नसाल. टाकी आणि पंप एकमेकांशी बोलत राहतील, याची हमी मी देते. बिघाड झाला तर तो शोधता येतो. माणसांची हमी माझ्याकडे नाही. ते काम तुमचं होतं, आणि आता ते आम्हा सगळ्यांवर आलं आहे. मला त्याची थोडी भीती वाटते. एरवी मी असं बोलून दाखवत नाही.

सरांना आणि कमलकाकूंना उत्तम आरोग्य लाभो. मला बोलू दिलंत, त्याबद्दल अध्यक्षांची आणि आपणा सर्वांची मी आभारी आहे. बोलताना कुठे काठचं नाव आधी आलं असेल, कुठे बर्डीचं. ते कोणी मोजू नये. तरी कोणी मोजलंच असेल, तर मोठ्या मनाने मला क्षमा करावी.