कवडीले पिल्लं पाहिजे

...अन् मी काय म्हनतो, अंडं देत नाई म्हून कापाचं, हा कोन्या गावचा कायदा हाय? तुमीच सांगा राजेहो! एक जीव बिचारा सालभर तुमाले अंडे घालून देतो, तुमी त्याचे आमलेट करून खाता, अन् चार दिवस त्यानं जराक दम घेतला त लगेच चुलीवर रश्श्याचा गंज? कवडी कापाची नाई म्हंजे नाई! मी तवाबी हेच म्हनलं, आताबी हेच म्हनतो. हसा, हसा. जिंदगीभर एस्टीत कंडक्टरकी केली म्या, बसलेले प्यासेंजर हसले, उभे असलेले हसले, मले काई फरक पडत नाई.

कवडी म्हंजे आमची कोंबडी. आंगावर काये-पांढरे ठिपके, म्हून कवडी. तेल्हाऱ्यात आमचं घर, घरामांगं आंगन, आंगनात लिंबाचं झाड अन् झाडाखाली खुराडं. त्या खुराड्यात एक कोंबडा हाय, त्याचं नाव मी सरपंच ठेवलं, कारन दिवसभर ओरडते अन् काम काईच करत नाई. एक तांबडी कोंबडी हाय, हवालदारीन. कोनी दाना टिपाले गेलं का आडवी. बाकी दोघी-तिघी अशाच, हवालदारीनीच्या मांगं मांगं. अन् कवडी? कवडी माह्या मांगं मांगं.

तुमाले सांगतो, रिटायर झालो अन् घरात माहा आवाजच बंद झाला. गाडीत मी 'पुढं सरका' म्हनलं का अख्खी गाडी पुढं सरके. घरी म्हनून पाहा! आमची केशरबाई, म्हंजे माही बायको, ते म्हनते, तुमीच सरका, मले झाडून घ्याचं हाय. म्हून मी आपला आंगनात खाट टाकून बसतो. तथी कवडी येऊन पायापासी बसे. मी बोललो का मान तिरपी करून आयके. आता इतकं आयकनारं घरात दुसरं कोनी असन त दाखवा न मले.

त झालं असं का कवडी खुडूक झाली. शहरातल्या लोकायले खुडूक म्हंजे काय ते मालूम नसते. कोंबडी खुडूक झाली म्हंजे तिले पिल्लं पाहिजे. मंग ते बसल्या जागेवरून उठत नाई, अंडं देत नाई, हात नेला का फुगते अन् चोच मारते. खालतं एक अंडं नाई बरं, कारन अंडे त आपनच उचलून खाल्ले, तरी ते बिचारी रिकाम्या भुईवर बसून राहिली. मले त पाह्यवे ना. केशरबाईनं काय करावं? धरली अन् बादलीत बुचकयली! म्हने, आंग थंड पडलं का खुडूक उतरते. नाई उतरली. मंग तिचंच पीस उपटून तिच्या नाकातून आरपार घातलं. आमच्याकडं करतात असं. ते नाकात पीस घेऊन पुन्ना जाग्यावर जाऊन बसली. म्या म्हनलं शाबास! मानसानं असं असावं. मी ते पीस काढून टाकलं अन् तिच्या पुढ्यात पान्याची वाटी ठेवली.

तितक्यात आमच्या पायलचा फोन. पायल आमची पोरगी, अमरावतीले देली हाय. म्हने, आई, हे अकोल्याले कामासाठी येऊन राहिले, रविवारी तुमच्याकडं जेवाले येतीन. झालं! जवाईबापू धर्मेंद्र येनार म्हनल्यावर केशरबाईच्या आंगात वारं शिरते. जवाई आले म्हंजे गावरान कोंबडी, हे ठरलेलं. त्यायले कदी ग्लास उचलू देत नाई, पाटावरून उठू देत नाई. फोन ठेवला अन् तिनं खुराड्याकडं पाह्यलं. मले तवाच समजलं. म्हने, हवालदारीन अंडे देते, बाकीच्याबी देतेत, सरपंच पाहिजे, राह्यली कोन?

म्या म्हनलं, कवडी कापाची नाई म्हंजे नाई!

ते म्हने, बसल्या जागी खाते अन् काई देत नाई, तिले ठेवून काय कराचं?

आता राजेहो, हे कवडीबद्दल चालू होतं, पन लागलं मले. म्या म्हनलं, केशर, मीबी बसल्या जागी खातो. मी काय देऊन राहिलो? त्याच्यावर ते काय म्हनली असन? एक शनभरबी इचार नाई केला.

"तुमची पेन्शन येते," म्हने.

त्या राती झोप आली नाई मले. मी इचार केला, या बाईले तोंडानं हरवनं आपल्या बापाच्यानं होत नाई, हिले कायद्यानं धरलं पाहिजे. अन् कायदा तिच्याच घरचा होता. तिची माय केशरबाईले लहानपनापासून सांगे, पिल्लावाली कोंबडी कापू नाई. पिल्लं मांगं हाय तोवर तिले सुरी दाखवाची नाई. अन् केशरबाई हे काटेकोर पायते! एक डाव कोंबडी इकत घ्याले गिऱ्हाईक दारात उभं होतं, त्यानं एक निवडली, अन् त्या कोंबडीच्या मांगून चिवचिव करत पिल्लं आले, त तिनं त्या गिऱ्हाइकाले हात जोडून वापस पाठवलं. मंग? कवडीले पिल्लं पाहिजे, अन् कवडीले पिल्लं भेटले का कवडी वाचली. सकाय झाल्याबरोबर मी, दाढी न करता, बाळापूरच्या बाजारात.

बाजारात पिल्लं होते, पन ते गुलाबी अन् हिरवे रंगवलेले. पोट्ट्यायच्या खेयन्यासाठी. म्या म्हनलं, भाऊ, मले गुलाबी नाई पाहिजे, आमची कोंबडी काई आंधयी नाई. शेवटी एका बुढीजवय निंघाले, गावरान, नुकते नुकते अंड्यातून भाईर आलेले, पिवये अन् भुरे. संत्र्याच्या खोक्यात भरून देले. अकोल्याले गाडी बदलली. अन् बदलल्यावर खोकं खालून ओलं झालं अन् फाटलं! गाडीभर पिल्लं. एक ड्रायव्हरच्या पायात, एक बाईच्या पिशवीत. मी वाकून वाकून सारे येचले अन् ठेवू कुठी? सदऱ्यात घातले. पोटापासी. वरतून गमछा गुंडायला.

कंडक्टर आला, कालचं पोट्टं. म्हने, काका, हे जिते जनावर हाय, लगेज लागते. मले लगेज शिकवते! म्या म्हनलं, बाबू, हे लगेज नाई, हे माहं पोट हाय. ते म्हने, पोट चिवचिव करून राहिलं. म्या म्हनलं, भुकेलं हाय. अख्खी गाडी हसली, पन म्या शेवटलोक सदऱ्याचं बटन नाई उघडलं. आता तुमाले काय सांगू, ते उब... ते पिल्लं पोटापासी हलत होते, मंग हयूहयू चूप झाले, झोपी गेले. तेल्हारा आलं तरी मले उठावं वाटे ना.

घरी आलो त दुपार. केशरबाई दायी निवडून राहिली होती. तिनं माह्या पोटाकडं पाह्यलं अन् पुन्ना दायीत डोकं घातलं. शेजारचे पंजाबराव भितीवरून डोकावले. म्हने, देवमनभाऊ, आता ठेवू नोका, अंधार पडू द्या. अंधारात कोंबडीले दिसत नाई, हयूच खालतं सरकवाचे, सकायी तिले वाटते आपलेच हाय. आता हा मानूस बरोबर सांगत होता, हे मले आज समजते. पन तवा म्या म्हनलं, आपन काय चोरी करून राहिलो का? चोरासारखं अंधारात काहून? बाई लेकरासाठी बसली हाय, तिच्यासमोर उजेडात तिचे लेकरं ठेवाचे. मान हाय तिचा!

ठेवले राजेहो. उजेडात. सगये.

कवडीनं एका डोयानं पाह्यलं. मंग दुसऱ्या डोयानं पाह्यलं. अन् उठली! इतके दिवस बादलीनं उठली नाई, पिसानं उठली नाई, ते पिल्लं पाह्यल्याबरोबर उठली, आंग झाडलं, एकाले चोच मारली अन् सरळ दाने टिपाले चालती झाली. खुडूकपना खल्लास! मी मांगून वरडलो, कवडे, अवो हे तुह्यासाठी आनले! वयून नाई पाह्यलं. तितक्यात हवालदारीन आली चौकशीले. मान लांब केली अन् घुसली पिल्लायमंदी. बाकीच्या तिच्या मांगं. सरपंच भितीवर चढून ओरडला, खालतं काई आला नाई. पिल्लं जे सुटले, ते पयत पयत कुठी आले असतीन? माह्या धोतरात! गाडीत पोटापासी जे आले होते, त्यायले वाटलं मायबाप म्हंजे मीच. मी उजवीकडं गेलो त उजवीकडं, डावीकडं गेलो त डावीकडं. संडासात गेलो त दाराभाईर चिवचिव. रातभर सदऱ्यातच झोपले.

रविवार उजाडला. केशरबाईनं मसाला वाटला, चूल पेटवली अन् बराच टाइम चुलीपासीच बसली होती. मी आंगनात खाटेवर, मांडीवर पिल्लं, अन् पिल्लायच्या वरतून कवडीले दोन्ही हातानं धरलेलं. माह्या हातातून ते पयत नाई, हे केशरबाईलेबी माहीत. ते भाईर आली. हातात काई नव्हतं, खरं सांगतो, सुरी घरातच होती, पन चेहऱ्यावर ठरलेलं होतं. म्हने, द्या इकडं.

"कवडी कापाची नाई म्हंजे नाई!" म्या म्हनलं. "पिल्लावाली कोंबडी कापू नाई, तुह्या मायनं सांगतलं."

"पिल्लं तिच्या मांगं हायेत का?" केशरबाई म्हने. "तिनं त लाथाडले. पिल्लं तुमच्या मांगं हायेत."

आता बोला! बाई वकील पाहिजे होती. पन मीबी हललो नाई. म्या म्हनलं, मंग पिल्लावाला मी. माह्यापासून उचलून पाहा. मी उठनार नाई, अथीच जेवीन, अथीच झोपीन. तुले कोंबडी पाहिजे असन त माह्यासकट ने. कवडी माह्या हातात चूप होती. तिचं कायीज माह्या बोटायले लागून राहिलं होतं, धकधक, धकधक. म्या म्हनलं, केशर, आयकून घे, काई देत नाई म्हून घरातून काढाचं, हे आपल्या घरात चालू कराचं नाई. आज ते, उद्या...



केशरबाई खाली वाकली. कवडी घ्याले वाकली का मले पाह्याले, हे मी आजलोक इचारलं नाई. पन वाकली त तिचा पदर खाटेवर पडला. आता चुलीपासून उठून आलेली बाई, पदर गरम. पहिलं एक भुरं पिल्लू पदराखाली शिरलं. मंग दुसरं. मंग सारेच! गद्दार! रातभर माह्या सदऱ्यात झोपले, बाळापूरपासून पोटावर आनले, त्यायच्यासाठी कंडक्टरशी भांडलो, अन् जराक जास्त उब भेटली त पार्टी बदलली. माही मांडी रिकामी. केशरबाई हाड हाड करत गेली अन् पिल्लं आंदर आंदर घुसत गेले. ते हयूच खाटेवर बसली. उठाले गेली का चिवचिव. पुन्ना बसली.

"उचला न यायले," म्हने.

म्या म्हनलं, मी काहून उचलू? पिल्लावालीनं जाग्यावरून उठू नाई. मी कवडीले खाली सोडली. ते गेली हवालदारीनीच्या शेजारी दाने टिपाले, एक डावबी मांगं वयून पाह्यलं नाई. केशरबाईनं तिच्याकडं पाह्यलं, मंग पदराकडं. पदर जराक पसरला. बस्स. इतकंच. कापाची नाई असं काई ते बोलली नाई, ते कदी बोलनारबी नाई.

फाटक वाजलं. जवाईबापू! हातात पेढ्याचा डबा. पाहून राहिले, सासू-सासरे एका खाटेवर, सासूच्या पदरातून चिवचिव. केशरबाईचा जीव अर्धा झाला. म्हने, बापू, कोंबडी राह्यली हो, माफ करा. त धर्मेंद्रजी डबा खाली ठेवून काय म्हनले?

"मामी, भरीत असन त करा. मले तुमचं वांग्याचं भरीतच आवडते. कदी कोनी इचारलंच नाई."

घ्या! आजवर ज्या कोंबड्या गेल्या त्या कोनासाठी गेल्या हो? जवाई खाये कारन सासूनं वाढलं, सासू करे कारन जवाई आले, अन् मी खाओ कारन दोघं बसले.

म्या म्हनलं, बापू, बसा, चहा घ्या. केशरबाई उठाले गेली, चिवचिव. मी उठाले गेलो त एक भुरं अजून माह्याच गमछ्यात गुंडायलेलं निंघालं. आता सांगा, कोन उठन? ज्या बाईनं जवायाले कदी ग्लास उचलू देला नाई, ते खाटेवर बसल्या बसल्या मान वर करून म्हने, "बापू, साखर खालच्या डब्यात हाय, अन् यायच्या चहात जराक कमी टाका."