जोसेफीनला मी जा म्हणाले

आम्ही मूळचे नगरकडचे, पण माझा जन्म दिल्लीचा. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, राहायला सरकारी क्वार्टर, आणि शाळा माझी पहाडगंजची, मराठी माध्यमाची, स्टेशनाच्या इतकी जवळ की गाडीची शिट्टी झाली की बाई वाक्य अर्ध्यावर सोडायच्या आणि शिट्टी संपली की तिथूनच पुढे. आम्ही ख्रिस्ती. रविवारी आई पेटीवर मराठी भजनं म्हणायची आणि मी मध्येच आवाज असा वर न्यायचे की शेजारच्या कौर आंटी खिडकीतून विचारायच्या, अरे रूथ को मार पड़ रही है क्या. म्हणजे आवाज मोठा होता, बिल्कुल मोठा, पण त्याचं करायचं काय हे घरात कुणालाच कळत नव्हतं.

ते कळलं डिकॉस्टा मिसना. त्या गोव्याच्या, पाश्चात्त्य गाणं शिकवायच्या, राहायला तिसऱ्या मजल्यावर. मी जिने चढून धापा टाकत वर गेले की दारातच म्हणायच्या, बसायचं नाही, आता सूर लाव. ऑपेरात माईक नसतो हो, गाण्यातून सगळं नाटक करायचं आणि समोर वाजणाऱ्या वाद्यांच्या वरून आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवायचा. बारा वर्षं शिकले मी त्यांच्याकडे. पण दिल्लीत ऑपेरा ऐकणार कोण? नाताळात हॉटेलात गायचं, कधी एखाद्या दूतावासात, झालं. गणपतीत मराठी मंडळींनी बोलावलं, गाऊन झाल्यावर एक काका म्हणाले, आवाज छानच आहे तुमचा, आता एखादं भावगीत होऊन जाऊ द्या. हसू नका, मी म्हटलं ना भावगीत. लग्न झालं विलासशी, तो नागपूरचा, हिंदू, दोन्हीकडे थोडी कुरकुर झाली आणि मिटली. आम्ही गाज़ियाबादला सोसायटीत फ्लॅट घेतला. मी शाळेत मुलांना गाणं शिकवायला लागले, आणि वाटलं, चलो, आपलं एवढंच.

मग जोसेफीन भेटली. काँगोची. नवऱ्याच्या उपचारांसाठी दिल्लीत आली, नवरा इथंच गेला, ही राहिली. बायकांच्या बारीक वेण्या घालून द्यायची आणि रविवारी एका तळघरात त्यांची प्रार्थना असायची तिथं गाणं चालवायची. कुणीतरी मला तिथं एका लग्नात गायला नेलं. मी माझं ऑपेरातलं गायले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ही जवळ येऊन तिच्या हिंदीत म्हणते, सिस्टर, तुम गाता है तो दरवाज़ा बंद करता है. मला रागच आला. बारा वर्षं शिकलेली मी! मग त्यांनी गायला सुरुवात केली. काय सांगू तुम्हाला. एक बाई ओळ टाकते, बाकीच्या उचलतात, खालून जाड आवाज, वरून टाळी, कुणीच एकटं नाही. ती म्हणाली, अब आओ. मी वरचा सूर लावला आणि पहिल्यांदा, खरंच पहिल्यांदा, माझ्या सुराच्या खाली जमीन होती.

सात जणींचा आमचा गट झाला. मी ऑपेरातलं एकटीनं सुरू करायचे, जोसेफीन खालून तिच्या भाषेतली ओळ आणायची, आणि शेवटी सगळ्या मिळून देवाचं गाणं. आईचं एक मराठी भजनसुद्धा तिनं बसवलं, तिला ळ म्हणता यायचा नाही. चार वर्षं कार्यक्रम केले, गुडगाव, दिल्ली, एकदा जयपूर. लोक उभे राहायचे. सराव शनिवारी दुपारी, आमच्याकडे.

सोसायटीत बोलणं चालूच असायचं, हे लोक का येतात, काय खातात. मी लक्ष द्यायचे नाही. द्यायला हवं होतं. एका शनिवारी बी ब्लॉकमधली एक मुलगी दिसेना. दोन तास. कुणीतरी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं की त्या काळ्या बायका येतात त्यांना विचारा. आणि नेमक्या तेव्हाच जोसेफीन आणि दोघी जणी गेटवर उतरल्या, ऑटो निघून गेली. मी खाली पोचले तर पन्नास-साठ माणसं, मोबाइल वर धरलेले, जोसेफीनची पिशवी रस्त्यात उलटी केलेली, कंगवे, पाण्याची बाटली, गाण्याची वही. तिचा दंड एकानं धरलेला. मी म्हटलं, ये मेरे मेहमान हैं. कुणाला ऐकूच गेलं नाही. मी, माईकशिवाय हॉल भरणारी बाई, माझा आवाज पुढच्या माणसापर्यंत पोचेना. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, मॅडम, इनसे बोलिए चले जाएँ, नहीं तो हमारी ज़िम्मेदारी नहीं. आणि मी जोसेफीनला जा म्हणाले. सबके सामने. प्लीज़ गो, असं. तिनं माझ्याकडे पाहिलं, वही उचलली, आणि तिघी हायवेपर्यंत चालत गेल्या, मागे ती माणसं शूटिंग करत. मी गेटच्या आत उभी. सोबत गेले असते तर? विलास म्हणतो, तुलाही मारलं असतं. असेल. पण मी गेले नाही ना.

मुलगी त्यानंतर अर्ध्या तासात सापडली, मैत्रिणीकडे टीव्ही बघत होती.

मी फोन करून रडले. जोसेफीन म्हणाली, सिस्टर, तुम डर गया, मैं जानता. रागावली असती तर बरं झालं असतं. तो व्हिडिओ सगळीकडे फिरला, तिच्या घरमालकानं खोली खाली करायला सांगितली, दुसरी मिळेना. मी तीन ठिकाणी विचारलं, नाव ऐकलं की नाहीच म्हणायचे. व्हिसाची मुदतही संपत आली होती. ती गेली परत. बाकीच्या पांगल्या. मी एकटीनं ती गाणी गाऊन पाहिली, पण ती एकटीची नाहीतच, वरचा सूर नुसता लोंबकळतो.

आता शाळा, शिकवण्या. गेल्या महिन्यात सेक्रेटरी मिठाई घेऊन आले, म्हणाले, दिवाळी मिलन है, रूथजी, आप तो हमारी शान हैं, कुछ गाइए. मी हो म्हणाले. गायलेही, भावगीत. सगळ्यांना फार आवडलं. काय करू, इथंच राहायचंय. जोसेफीनचं देव भलं करो, तिला गायला माणसं मिळोत. तुम्ही लिहा सगळं, फक्त सेक्रेटरींचं नाव नका लिहू. रोज लिफ्टमध्ये भेटतात.