ट्रेव्हरच्या दुकानासमोरची रांग

— नाही बाई, परत मिळणार नाही म्हणजे नाही. नवऱ्याचा गेमचा कन्सोल काय, तो बघा, काचेतच आहे, हवा तर पुन्हा विकत घ्या. पण तुम्हाला तो नकोच आहे, तुम्हाला आतलं हवंय — आणि आतलं मी पुसलं. मंगळवारी तुम्ही ठेवून गेलात, समोर तुमची बस यायच्या आत पुसलं. धंद्याचा नियमच आहे, जुनं घेतलं की आतलं साफ. कंपनीकडे प्रत असेल? असते ना, वर्गणी भरणाऱ्यांची असते. बँकेत जाऊन त्याची कार्डं बंद केलीत तुम्ही? केलीत. मग वर्गणी थांबली, प्रतही गेली. आणि ते गेम त्याचे कधी नव्हतेच. नुसती खेळायची परवानगी होती, ती माणसाबरोबर गेली. माझ्याकडून डिस्क घेतल्या असत्या तर आज पिशवी भरून आणता आल्या असत्या.

रडू नका, काचेवर डाग पडतात. नवऱ्याला पुरून आठवडा झाला नव्हता, खोली रिकामी करायची घाई कुणाला होती — मला?

गॅरेथ ओलरेनशॉ. सतरा वर्षं ओळखतो — दर शनिवारी यायचा, माझ्या हातचा चहा प्यायचा, फळीवरची गेमची डबी उचलायचा, मागचं सगळं वाचायचा आणि विचारायचा, ट्रेव्हर, हा कसा आहे रे? मी बापडा तासभर सांगायचो. हा म्हणायचा, बघतो. आमच्याकडे फळीवरच्या डब्या रिकाम्या असतात, माहितीये ना? आपल्या ग्रिम्सबी गावात उघड्यावर काही टिकतं का? डिस्क आत खणात, गिऱ्हाइकानं डबी काउंटरवर आणली की आम्ही खण उघडायचा. तुमच्या गॅरेथनं शेवटच्या सहा वर्षांत एक डबी काउंटरवर आणली नाही. होती तिथं परत ठेवायचा — नीट, सरळ, जशी काही मेहेरबानीच. मला वाटायचं, गोदीतलं काम सुटलंय, हात आखडलाय. कीव यायची हो मला. वाढदिवसाला एक फुकटसुद्धा दिला मी त्याला.

मग मंगळवारी चालू करून बघितला. हे नियमात नाही, बघायचं नसतं, पण बघितला. दोनशे चौदा गेम, सगळे घरबसल्या इंटरनेटवरून विकत घेऊन उतरवलेले! ज्यांच्यासाठी मी घसा कोरडा केला तेच — आणि तारखा असतात त्यात, बाई. शनिवार. शनिवार. शनिवार. माझा चहा पोटात जिरायच्या आत.

खरं सांगू? पुसायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारायचं असतं, काही ठेवायचंय का म्हणून. विसरलो? छे. सतरा वर्षांत कुणालाही विचारायला विसरलो नाही मी. तुम्ही समोर बसथांब्यावर उभ्या होतात, छत्री उघडत नव्हती तुमची, एक हाक मारली असती तर ऐकू आली असती. नाही मारली.

आणि ते गेममधलं गाव — हो, बघितलं ना. तुम्ही दोघांनी बांधलेलं. पूल, निळं घर, कोंबड्या, अंगणात तुम्ही दोघं बाकावर. त्याच्या आजारपणात बांधलंत म्हणता? असेल. मी फिरलो त्यात. चौकात एक दुकान, वर पाटी ‘ट्रेव्हर’, आत एक टकला, ढेरपोट्या बाहुला, फळ्या गच्च, आणि दाराबाहेर रांग. रांग! इथं माझ्या दारात कुत्रं फिरकत नाही, एका बाजूला वाफेच्या इलेक्ट्रिक सिगारेटी विकणारा, दुसऱ्या बाजूला उतरलेल्या कपड्यांचं धर्मादाय दुकान, महिनाअखेर मी कायमचं कुलूप लावतोय — आणि ज्यानं ही पाळी आणली तो घरी बसून माझी थट्टा बांधतोय. पुसायचं बटण दाबलं. यंत्र विचारतं, खात्री आहे? दोनदा विचारतं. दोन्ही वेळा हो म्हणालो मी. आवडलं मला ते.

काय म्हणालात?

थट्टा नव्हती — मग काय होतं?

त्याला जिना उतरवत नव्हता म्हणून. बरं. उन्हाळ्यापासून. मीच म्हणत होतो, येत का नाही, कुठं तोंड लपवून — बरं. शनिवारी सकाळी, अंथरुणातून, स्वतःच्या बाहुल्याला... रांगेत नेऊन उभं करायचा. तासभर. तुम्ही चहा द्यायचात आणि तो म्हणायचा, थांब, माझा नंबर यायचाय.

हे मला कशाला सांगताय? मी विचारलं तुम्हाला?

जा, बाई. जा म्हटलं ना. दुकान बंद आहे.