जो बोलला त्याच्या घरी

माहेर माह्यं शिंदखेड्याकडचं, सासर इकडं रावेरच्या बाजूले, म्हनून माह्या बोलन्यात दोन्हीकडचं येते, समजलं नाई तं इचारा ताई. तिकडं आमी बठ्ठं म्हनायचो, इथं सासू हसायची, म्हने बठ्ठं काय, समदं म्हन. म्हनता म्हनता समदं झालं. लगीन झालं तवा केळीचं झाड मी धड पाह्यलं नव्हतं, आमच्याकडं कापूस आन बाजरी. आता हातावरचे हे काळे डाग पाहा, केळीच्या चिकाचे, साबनानं जात नाईत. मालक गेले त्याले लई वर्सं झाली, कावीळ झाली व्हती. एकच पोरगा, तो सुरतेले कापडाच्या कारखान्यात लागला, लगीन केलं, सून आली, कल्पना तिचं नाव. चांगली पोरगी आहे. मी तिच्याबद्दल वाईट बोलनार नाई, आदीच सांगते.

तं काय सांगू तुमाले, कल्पनाले दिवस गेले आन पोरानं मले बोलावलं, म्हने आई तू ये, इथं तिच्याजवळ कोनी नाई. गेले मी. एक खोली, त्यात आमी तिघं. तिचे पाय सुजायचे, इतके की चप्पल चढेना, डोकं दुखायचं. शेजारच्या बाया म्हने पहिलटकरनीले व्हते असं. आन एके दुपारी तिले पोटात काई हालल्याचं समजेना. दवाखान्यात नेलं, डॉक्टरीनबाई म्हने बीपी लई वाढलं व्हतं, पोर पोटातच गेलं. पोरगी व्हती ताई. मी नर्सबाईले म्हनलं मले दाखवा, मी तिची आजी आहे. पाह्यली मी. लई केस व्हते डोक्यावर.

मंग घरात कोनी बोलेचना. कल्पना भिताडाकडं तोंड करून झोपायची, मी भाकर करून ठेवायची ते तशीच राहायची. पोरगा म्हने आई, तू काई दिवस गावाले जा, तुले पाह्यलं की तिले समदं आठवते. राग नव्हता त्याच्या बोलन्यात, रडत व्हता तो. मी पिशवी भरली आन गाडीत बसले.

इथं आले तं पुन्हा केळीच्या प्याकिंगले जाऊ लागले. सकाळी पिकअप येते, आमी बाया मागं बसतो, मळ्यात घड कापून आनतात, आमी फन्या धुतो, पुसतो, खोक्यात भरतो. समद्या गोष्टी त्या गाडीतच व्हतात. कोनाची सून कशी, कोन कोनासंगं बोलते. मी बी ऐकायची, खोटं कशाले बोलू, त्याच्यात दिवस जाते, एकट्या बाईले तेवढीच सोबत. पन आता मी गाडीत चढले की बोलनं बंद व्हायचं. एक जनी लहान लेकरू घेऊन यायची, पयले माह्याच मांडीवर द्यायची, आता देईना. संगीता म्हनून एक पोरगी आहे, सखूअक्काची सून, पोटुशी व्हती, ते माह्याजवळ बसली तं अक्का म्हने तिथं नको, इकडं बस.

मी दुसऱ्या कोनाले नाई इचारलं. पान्याच्या टाकीजवळ संगीता एकटी सापडली, तिलेच इचारलं, पोरी काय बोलतात माह्याबद्दल, सांग, मी तुह्यं नाव घेनार नाई. ते खाली पाहून म्हने मावशी, तुमची नजर वाईट म्हनतात, नातीले तुमीच खाल्ली म्हनतात, म्हनून लेकानं हाकललं.

त्या दिवशी मी किती खोके भरले, कशे भरले, मले काई ठाव नाई. मनात आलं जेवनाच्या वक्ताले उभं राहावं आन एकेकीचं काढावं. मले बी समद्यांच्या घरचं माहीत व्हतं ना. पन माही माय म्हनायची, तोंडले तोंड लाईसन काय बी व्हत नई, जो बोलना तेनाच घर जावो. म्हंजे भांडू नको, जो बोलला त्याच्याच घरी जा. आन दुसरं, मी संगीताचे पाय पाह्यले व्हते. टाकीजवळ ते चप्पल काढून उभी व्हती आन घोट्याची हाडं दिसत नव्हती, थेट कल्पनासारखं. आता काय करावं सांगा. बोललं तं म्हनतील हिनं नजर लावली, नाई बोललं तं...

संगीताले माह्याजवळून अक्कानंच उठवलं व्हतं, म्हंजे बोलनं तिथूनच निघालं असन. गेले अक्काच्या घरी. ते तांदूळ निवडत व्हती, बस बी नाई म्हनली. मी दारातच बसले. म्हनलं अक्का, तुमी जे बोलल्या ते मले समजलं, मी भांडाले नाई आली, जे झालं ते माह्या तोंडून ऐका. आन समदं सांगितलं, पाय, डोकं, बीपी, समदं. नातीच्या डोक्यावरचे केस बी सांगितले. म्हनलं माही नजर वाईट असन तं असू द्या, पन संगीताचे पाय पाहा, उद्या तिले दवाखान्यात न्या, मले संगं नका नेऊ, पन न्या.

अक्कानं तांदळाचं ताट बाजूले सारलं. मंग म्हने मी कोनाचं वाईट म्हनून नाई बोलली लीला, सुनेचं पयलंच पोर आहे, मले भेव वाटत व्हतं. मी म्हनलं भेव वाटलं तं मले इचारायचं अक्का, मी सांगितलं असतं.

नेलं तिले. रावेरले बीपी मोजलं, तसंच जळगावले पाठवलं, तिथं आपरेशन झालं, पोरगा झाला, काचेत ठेवला व्हता पयले, आता चांगला आहे.

तुमाले वाटन आता समदं गोड झालं. तसं नाई ताई. बारशाचं बोलावनं मले आलं नाई. घुगऱ्या आल्या, डब्यात भरून, संगीताच्या नवऱ्यानं आनून देल्या आन उभ्या उभ्याच गेला. पन अक्कानं गाडीत समद्यांसमोर सांगितलं, लीलाबद्दल आता कोनी बोलायचं नाई, चूक माही व्हती. तवापासून नाई बोलत कोनी. माह्याजवळ बसतात बी. पन कोनाची गोष्ट निघाली की मी म्हनते तिलेच इचारू ना, चला, ते तिथं तं बसली आहे, मंग गोष्ट तिथंच मरते आन बाया गप बसतात. घरी आलं की मी टीवी लावते, पाहासाठी नाई, आवाज पाहिजे म्हनून.

पोराचा फोन येते. कल्पना फोनवर येत नव्हती, इतके दिवस नाई आली. परवा आली. म्हने आई, इथं गल्लीत बाया माह्याबद्दल काई काई बोलतात. मी म्हनलं काय बोलतात, मले सांग. आन तिनं सांगितलं, रडत रडत समदं सांगितलं, मी मधी बोलले नाई. शेवटी म्हनलं, जेवलीस का. म्हने नाई. म्हनलं जेव, मी फोन धरून बसते.

बसले व्हते तशीच. ताटाचा आवाज येत व्हता तिकडून. देव तिचं बरं करो ताई, आन तुमचं बी.