लोखंडी दाराची किल्ली

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण 'काळी विहीर' हा शब्द टाइप करून खेळायचा कॉम्प्युटरवरचा खेळ पुरा करणारा अख्ख्या कॅलिफोर्नियातला पहिला माणूस मीच," पोस्टाच्या रांगेत म्हातारा ऑर्विल टॅकेट मागच्या बाईला म्हणाला. तिच्या हातात मोठं खोकं होतं.

"असं? मग आता?"

"पहिल्या येणाऱ्याचं नाव पुढच्या खेळात घालणार आहेत. हे त्याचंच पत्र. एकोणऐंशी वर्षांत माझं नाव दुधाच्या कॅनखेरीज कुठं लागलं नाही, बाई. ते लागल्याशिवाय मी काही मरायचा नाही."

"अडलात तेव्हा खेळ बनवणाऱ्यांना फोन केलात?"

"टॅकेट वाट विचारत नाहीत. सहा आठवडे रोज गाईंच्या धारा काढल्या की बसायचो."

"लोखंडी दार कसं उघडलंत?"

"किल्लीनं. धबधब्यामागं झोपलेल्या अस्वलाच्या पंजाखालून अलगद ओढली. त्यानं एक डोळा उघडला, तशी मी अंगाई म्हटली."

"टाइप करून?"

"चालीवर टाइप केली."

बाईनं खोकं खाली ठेवून उघडलं. आत प्लास्टिकच्या पिशव्यांत फ्लॉपी होत्या, प्रत्येकीवर एकेकाचं नाव.

"तो खेळ मीच लिहिलाय, आजोबा. त्यात किल्ली घालायलाच मी विसरले होते. फोन केला असतात तर कळलं असतं. काल घातली, आज सगळ्यांना नव्या फ्लॉपी धाडतेय. ही तुमची. घरी जा आणि बसा, पहिलं अजून कुणीच आलेलं नाही. आणि त्यात अस्वल नाहीये."